कॉलेजचे पहिले वर्ष : काय अंगवळणी पाडायचे, काय नाही

बारावीचा निकाल लागतो, प्रवेशाच्या याद्या लागतात, दाखल्यांसाठी तहसील कार्यालयाच्या फेऱ्या होतात आणि ऐन पावसाळ्यात आपली मुलगी किंवा मुलगा कॉलेजला जाऊ लागतो. वस्तीत पेढे वाटले जातात, विहारात सत्कार होतो. त्यानंतरच्या तीन महिन्यांबद्दल मात्र फारसे कुणी बोलत नाही. याच तीन महिन्यांत काहींचे वजन उतरते, काहींची झोप उडते, काहींचे पोट सतत बिघडते. काही जण दिवाळीच्या सुट्टीत घरी येतात आणि परत जाण्याचे नाव काढत नाहीत. आरोग्याच्या पानावर या वेळी आपण हाच धडा घेऊ.

भिवंडीतून शिकायला जाणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. पहिला गट रोज जाऊन-येऊन शिकणाऱ्यांचा. आपल्या शहराला मुंबईची लोकल नाही. भिवंडी रोड हे स्टेशन वसई-दिवा मार्गावर आहे आणि तिथे गाड्या मोजक्याच. त्यामुळे शेअर रिक्षाने किंवा बसने कल्याण नाहीतर ठाणे गाठायचे आणि तिथून लोकल पकडायची. अंजूरफाट्याला किंवा कशेळीच्या पुलावर गाड्या तुंबल्या की पहिला तास गेलाच. दुसरा गट पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबईत वसतिगृहात, नाहीतर चार जणांत खोली घेऊन राहणाऱ्यांचा. पहिल्या गटाचे शरीर थकते, दुसऱ्याचे मन. बहुतेकांचे दोन्ही.

"होईल सवय," असे सगळेच सांगतात. हे निम्मे खरे आहे. नव्या ठिकाणी येणाऱ्या अडचणी दोन प्रकारच्या असतात. काही अडचणी वेळ आणि थोडी शिस्त यांनी सुटतात : नवी झोप, नवे जेवण, घरची आठवण, इंग्रजी. त्या अंगवळणी पाडायच्या. काही अडचणी वेळेने सुटत नाहीत, उलट वाढतात : अपमान, रॅगिंग, अडकलेली शिष्यवृत्ती, आठवड्यांमागून आठवडे न उठणारी उदासी. त्या अंगवळणी पाडायच्या नसतात, त्या बोलायच्या असतात. पुष्कळ मुले नेमके उलटे करतात. जेवण आवडले नाही म्हणून कॉलेज सोडायला निघतात आणि अपमान मात्र मुकाट्याने गिळतात.

बाबासाहेबांच्या दोन खोल्या

हा फरक बाबासाहेबांच्याच आयुष्यात स्पष्ट दिसतो. जुलै १९१३ मध्ये बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचले, तेव्हा ते २२ वर्षांचे होते. सुरुवातीला ते विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात राहिले. तिथले जेवण त्यांना मानवेना. त्यांनी काय केले? जागा बदलली. आधी भारतीय विद्यार्थी राहत असलेल्या क्लबमध्ये गेले आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी तरुणासोबत राहिले. हे भथेना त्यांचे जन्माचे मित्र झाले. पुढे लंडनच्या शिक्षणाच्या वेळी पैशाची अडचण आली, तेव्हा तेच मदतीला उभे राहिले. जेवण, खोली, सोबती या गोष्टी बदलता येतात आणि बदलल्या की माणूस अभ्यासाला लागतो. १९१५ मध्ये बाबासाहेब एम.ए. झाले.

आता दुसरी खोली पाहू. १९१७ साली तेच बाबासाहेब शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोद्याला नोकरीसाठी गेले. राहायला कुणी जागा देईना. एका पारशी वसतिगृहात पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दारात उभी राहिली आणि त्यांना बाहेर काढले. गावातल्या दोन ओळखीच्यांनीही घरात घेतले नाही. ते काही तास बागेत बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

बडोद्यात "होईल सवय" म्हणून काय झाले असते? काहीही नाही. तिथे दोष राहणाऱ्याच्या स्वभावात नव्हता, काठी घेऊन आलेल्यांच्या मनात होता. तो प्रसंग बाबासाहेबांनी दडपून ठेवला नाही. पुढे स्वतःच्या हाताने लिहून ठेवला. न्यूयॉर्कची अडचण त्यांनी सोडवली, बडोद्याची जगापुढे मांडली. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक अडचणीला आपण हाच प्रश्न विचारायचा : ही हार्टली हॉलची आहे की बडोद्याची?

आता एकेक गोष्ट घेऊ.

झोप

अठरा ते पंचवीस वयात रोज सात ते नऊ तास झोप लागते. हा आळस नव्हे. दिवसभर वाचलेले मेंदूत पक्के बसते ते मुख्यतः झोपेत. रात्रभर जागून केलेला अभ्यास दुसऱ्या दिवशी पेपरात आठवत नाही, त्याचे एक कारण हेच.

रोज प्रवास करणाऱ्यांनी हिशोब उलटा मांडावा. सकाळी साडेपाचला उठायचे असेल तर रात्री दहा-साडेदहाला दिवा बंद. घर एका खोलीचे असेल, टीव्ही चालू असेल, शेजारी माग चालू असतील, तर घरच्यांशी बसून एक वेळ ठरवून घ्यावी. "साडेदहानंतर टीव्ही बंद," एवढे झाले तरी पुष्कळ झाले. लोकलमध्ये किंवा बसमध्ये बसायला मिळाले तर वीस मिनिटांची डुलकी उपयोगाची असते. मात्र संध्याकाळी घरी येऊन दोन तास झोपू नका, रात्रीची झोप मोडते.

वसतिगृहातल्यांची अडचण वेगळी. आपल्याकडे कित्येक घरांत मागांची खटखट रात्रंदिवस कानावर असते. तिची सवय असलेल्याला शांत खोलीत पहिले काही दिवस झोप लागत नाही, यात आश्चर्य नाही. छताचा पंखा चालू ठेवा, त्याचा एकसारखा आवाज मदत करतो. रोज एकाच वेळी उठा, रविवारीही. उठल्यावर थोडा वेळ उजेडात फिरा. सकाळचा उजेड शरीराचे घड्याळ लावतो. संध्याकाळी पाचनंतर चहा-कॉफी नको, तिचा अंमल पाच-सहा तासांनीही निम्मा उरलेला असतो. मोबाइल उशाशी न ठेवता हात पोहोचणार नाही इतका लांब ठेवा. बहुतेकांची झोप दोन-तीन आठवड्यांत बसते.

जेवण

पहिल्या वर्षी सर्वात जास्त हाल पोटाचे होतात. घरून निघताना नाश्ता नाही, दुपारी वडापाव, संध्याकाळी पुन्हा वडापाव. वसतिगृहातल्या मेसची भाजी आवडली नाही की बिस्किटांवर दिवस निघतो. पोट भरते, पण रक्त भरत नाही.

ताकदीचे अन्न महागच असते असे नाही. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. मूठभर फुटाण्यांत जवळपास तेवढीच, मूठभर शेंगदाण्यांत थोडी जास्त. दप्तरात फुटाणे-शेंगदाण्यांचा डबा कायम असावा. मेसमध्ये भाजी पातळ असली तर वाटीभर डाळ जास्त मागून घ्यावी, मागण्यात लाज नाही. घरून जाताना चिवड्याबरोबर शेंगदाण्याची चटणी, नाचणीचे पीठ, गूळ न्यावा. खोलीत चालत असेल तर भाजलेली सुकट न्यावी, ती टिकते आणि पौष्टिकही असते. खोलीतला कुणी तुमच्या डब्यावरून नाक मुरडत असेल, तर तो प्रश्न जेवणाचा नाही. त्याबद्दल पुढे बोलू.

मुलींनी रक्ताकडे विशेष लक्ष द्यावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. जिना चढताना धाप लागते, वर्गात डोळे मिटतात, केस गळतात, वाचलेले लक्षात राहत नाही. मुलगी म्हणते, "माझे डोकेच चालत नाही." डोके चांगले असते, रक्त कमी असते. कॉलेज सुरू होण्याआधी एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्या. सरकारी रुग्णालयात ही साधी तपासणी होते. मुलींमध्ये ते १२ च्या खाली आणि मुलांमध्ये १३ च्या खाली असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घ्याव्यात. गोळी आणि चहा यांत किमान एक-दोन तासांचे अंतर ठेवा, कारण चहा लोह शोषू देत नाही. पालेभाजी-डाळीवर लिंबू पिळा, लिंबू लोह शोषायला मदत करते.

इथे एक गोष्ट आम्हाला मुद्दाम सांगायची आहे. बाबासाहेब लंडनमध्ये अर्धपोटी राहून शिकले, हे आपण मुलांना वारंवार सांगतो. त्यातून काही मुले असा अर्थ घेतात की उपाशी राहणे हाच अभ्यासाचा मार्ग. तसे नाही. त्यांच्याकडे पैसे नव्हते म्हणून ते अर्धपोटी राहिले. आपल्या मुलांवर ती वेळ येऊ नये म्हणून त्यांनी धडपड केली. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. तिथे मुलांना अभ्यासाइतकीच जेवणाची आणि राहण्याची सोय हवी होती. त्यांची आठवण ठेवायची असेल तर दोन वेळ पोटभर जेवा आणि मग वाचायला बसा.

पैशाची ओढाताण असेल तर आधी जेवण तोडले जाते, म्हणून शिष्यवृत्ती हा आरोग्याचाही विषय आहे. महाडीबीटीवरचा अर्ज मुदतीत भरा, भरलेल्या अर्जाची प्रत जपून ठेवा, आणि कॉलेजने तो पुढे पाठवला की नाही हे दर पंधरा दिवसांनी विचारा. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत जेवण, निवास आणि इतर खर्च मिळून वर्षाला ६०,००० रुपयांची तरतूद तिच्यात आहे, इतर ठिकाणी ती कमी आहे. उत्पन्नाची मर्यादा, हजेरी आणि रहिवासाच्या अटी समाजकल्याण कार्यालयात प्रत्यक्ष विचारून घ्या. पैसे हप्त्यांनी येतात आणि बहुधा उशिरा येतात. म्हणून पहिल्या चार महिन्यांच्या जेवणाची सोय आधीच करून ठेवावी.

पाणी, पाळी आणि प्रवास

प्रवासात स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीची जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणे सुरू होते. उपाय पाणी तोडण्याचा नाही. पहिल्या आठवड्यातच कॉलेजमधले आणि स्टेशनजवळचे बऱ्यापैकी स्वच्छ स्वच्छतागृह शोधून ठेवा. दर दोन-तीन तासांनी पाणी प्या आणि लघवी दाबून ठेवू नका. जळजळ झाली, किंवा ताप, थंडी, पाठीत दुखणे आले, तर डॉक्टरांकडे जा. मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेऊ नका.

ठिकाण बदलले, झोप आणि जेवण बदलले की एखाद-दुसरी पाळी पुढेमागे होऊ शकते. तीन महिने पाळी आली नाही, किंवा फार रक्तस्राव होत असेल, तर तपासणी करून घ्यावी. दप्तरात दोन पॅड आणि कागदी पिशवी नेहमी असू द्या.

पाण्याची बाटली घरून भरून न्या. पावसाळ्यात उघड्यावरचे पाणी, बर्फाचा गोळा, चटण्या यांतून कावीळ आणि टायफॉइड होतात. ताप तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला तर घरी पडून न राहता रक्त तपासा.

वसतिगृहातले त्वचेचे आजार

चार जणांच्या खोलीत टॉवेल, अंथरूण, कपडे एकमेकांचे वापरले जातात. पावसात कपडे ओलेच अंगावर चढतात. त्यातून गजकर्ण आणि खरूज पसरते. जांघेत किंवा कमरेला गोल चट्टा उठला की मुले दुकानातून मिश्रणाचे मलम आणतात. त्यातल्या कित्येक मलमांत स्टिरॉइड असते. खाज दोन दिवस थांबते, पण गजकर्ण आतून पसरत जाते आणि नंतर औषधाला दाद देत नाही. असे मलम लावू नका. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि सांगितलेले औषध पूर्ण मुदत घ्या. खरूज असेल तर एकट्याने उपचार करून उपयोग नाही. खोलीतल्या सर्वांनी एकाच दिवशी औषध लावायचे, आणि कपडे व चादरी गरम पाण्यात धुवायच्या. हा रोग घाणेरडेपणाचा नाही, गर्दीचा आहे. लाज वाटून लपवला तर सगळी खोली खाजवत बसते.

घरची आठवण

घरापासून लांब गेल्यावर रडू येणे, भूक मंदावणे, सारखे घरी फोन करावेसे वाटणे हे आजाराचे लक्षण नाही. पहिल्या पंधरा दिवसांत ते सर्वात जास्त असते आणि ओळखी होतील तसे कमी होते. म्हणून या दिवसांत कोणताही मोठा निर्णय घेऊ नका. "सोडून येतो" असे वाटले तर पहिली चाचणी परीक्षा होईपर्यंत थांबा आणि मग ठरवा.

या काळात तीन माणसे मिळवायची. एक, बाकावर शेजारी बसणारे कुणीतरी, ज्याच्याकडून बुडलेल्या तासाची वही मिळेल. दोन, वरच्या वर्गातला किंवा वर्गातली कुणी, जिने हे वर्ष पार केले आहे. तीन, एक शिक्षक, ज्यांना तुमचे नाव माहीत आहे. नवल भथेना पहिल्या दिवशी सापडत नाहीत, पण खोलीत दार लावून बसणाऱ्याला ते कधीच सापडत नाहीत. जमेल तर मैदानावर जा, रोज अर्धा तास भरभर चाला. चालण्याने झोप, भूक आणि मन तिन्ही सुधारतात आणि त्याला पैसे पडत नाहीत.

ओळखी वाढवण्याच्या नावाखाली सिगारेट, गुटखा, बिअर पुढे येते. पाचवे शील आपण लहानपणापासून म्हणत आलो आहोत. ते पाळण्याची पहिली खरी परीक्षा बहुतेकांची इथेच होते. "मी घेत नाही" एवढे एकदाच, शांतपणे म्हणा. कारणे देऊ नका, कारणांवर वाद होतो.

वर्गात काही कळत नाही तेव्हा

मराठी शाळेतून आलेल्या मुलाला पहिले काही आठवडे इंग्रजी व्याख्यान डोक्यावरून जाते. पुढे बसलेली मुले भराभर उत्तरे देतात आणि आपण मठ्ठ आहोत असे वाटू लागते. हा बुद्धीचा प्रश्न नाही. ती मुले तेच शब्द दहा-बारा वर्षे ऐकत आली आहेत, तुम्ही ते आत्ता ऐकता. प्रत्येक विषयाची एक वही करा. रोज दहा नवे शब्द, त्यांचा मराठी अर्थ आणि एक वाक्य लिहा. तास व्हायच्या आदल्या दिवशी धडा मराठीत किंवा सोप्या पुस्तकात वाचून जा. शंका वर्गात विचारायची भीती वाटत असेल तर तास संपल्यावर विचारा. दोन-तीन महिन्यांत कान तयार होतो. हा अगदी हार्टली हॉलचा प्रश्न आहे.

जे अंगवळणी पाडायचे नाही

आता बडोद्याचे प्रश्न. "पूर्ण नाव काय? आडनाव? रँक किती? कुठल्या कोट्यातून?" पहिल्या दिवशी असे प्रश्न येतात. काही सहज असतात, काही तुमची जात काढण्यासाठी असतात. मुंबई आयआयटीने २०२३ साली विद्यार्थ्यांना सूचना काढली की एकमेकांना प्रवेश परीक्षेतला रँक किंवा जात उघड होईल असे काही विचारू नये. तुम्हाला उत्तर देणे बांधील नाही. "आपण एकाच वर्गात आहोत, एवढे पुरे," असे म्हणता येते. अभिमानाने सांगायचे असेल तर तेही सांगा. निर्णय तुमचा असावा.

डब्यावरून टोमणे, आरक्षणावरून चेष्टा, प्रयोगशाळेत मुद्दाम वगळणे, वसतिगृहात दुसऱ्याची कामे करायला लावणे, रात्री उठवून "ओळख" घेणे हे सगळे सहन करत राहिल्याने शरीर आजारी पडते. डोके दुखते, छातीत धडधडते, पोट बिघडते, झोप जाते. तपासण्या साफ येतात आणि मूल म्हणते, "मलाच काहीतरी झालंय." आजार तिथल्या वागणुकीत असतो आणि त्रास मात्र आपल्या शरीराला होतो.

ही गोष्ट किती टोकाला जाते, हे आपल्याला माहीत आहे. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. त्याच वर्षी त्यांच्या दोघांच्या आया, राधिका वेमुला आणि आबेदा तडवी, उच्च शिक्षणातल्या जातिभेदावर ठोस उपाय व्हावेत म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. या दोन आयांनी दाखवलेला रस्ता बोलण्याचा आहे, आणि तो आपल्या मुलांनी खूप आधी, पहिल्याच टोमण्याला धरावा.

काय करावे, ते क्रमाने सांगतो.

१. वहीत लिहा : तारीख, वेळ, जागा, कोण, कोणते शब्द, कोण हजर होते. मोबाइलवरचे संदेश पुसू नका.

२. त्याच दिवशी दोन जणांना सांगा, एक कॉलेजातला आणि एक घरचा.

३. लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. प्रत्येक संस्थेत रॅगिंगविरोधी समिती असते. अनुसूचित जाती-जमाती कक्ष किंवा समान संधी केंद्र कुठे आहे, हे पहिल्याच आठवड्यात पाहून ठेवा. मुलींसाठी अंतर्गत तक्रार समिती असते.

४. रॅगिंगसाठी देशभराचा मोफत क्रमांक १८००-१८०-५५२२ आहे, तो चोवीस तास चालू असतो. महाराष्ट्रात रॅगिंगला बंदी करणारा कायदा १९९९ पासून आहे. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करणे त्यात बंधनकारक आहे. गुन्हा सिद्ध झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

५. एकटे जाऊ नका. वरच्या वर्गातले विद्यार्थी, विद्यार्थी संघटना, वस्तीतले वकील किंवा शिक्षक यांना सोबत घ्या.

तक्रार केली म्हणजे तुम्ही कमकुवत ठरत नाही आणि शिक्षणही सोडावे लागत नाही. शिकण्याची जागा तुमच्या हक्काची आहे.

डॉक्टरांकडे कधी जायचे

साधी नियमावली लक्षात ठेवा. दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास आहे, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडली आहे, अभ्यासात लक्ष लागत नाही, आपण निरुपयोगी आहोत असे वाटते, तर हा स्वभाव नाही, आजार आहे, आणि तो उपचाराने बरा होतो. जगणे नको असे विचार आले तर दोन आठवडे थांबायचे नाही. त्याच क्षणी जवळच्या माणसाला स्पष्ट शब्दांत सांगा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येते. तातडीच्या वेळी ११२ लावा किंवा थेट जवळच्या रुग्णालयात जा. खोलीतला मित्र असे बोलत असेल तर त्याला एकटे सोडू नका. "असं काही मनात येतं का?" असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार वाढत नाही, मनावरचा भार हलका होतो.

आपल्याकडे कुणी जरा वेगळे वागले की "याला ठाण्याला पाठवा" असे हसत म्हणतात. या एका विनोदामुळे कितीतरी मुले बोलायची थांबतात. ठाण्याच्या मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे केस पेपर काढून, डॉक्टरांशी बोलून, औषध घेऊन माणसे त्याच दिवशी घरी परततात. तापाला जसे डॉक्टर, तसेच मनालाही. हा विनोद आपल्या घरातून आधी बंद करू.

घरच्यांसाठी

फोनवर पहिला प्रश्न "अभ्यास कसा चाललाय?" हा नको. "काय जेवलास? झोप लागते का? कुणाशी बोललीस आज?" हे विचारा. "आम्ही मागावर बारा-बारा तास उभे राहतो, तुला फक्त शिकायचंय," हे वाक्य खरे असले तरी बोलू नका. ते ऐकल्यावर मूल पुढची अडचण सांगत नाही. ते काही सांगत असेल तर मध्ये उपाय सुचवू नका, पूर्ण ऐका. "तिथे जुळवून घे" म्हणण्याआधी नेमके कशाशी जुळवून घ्यायला सांगत आहोत, हे विचारून घ्या. मुलाने परत यायचे म्हटले तर रागावू नका. दोन दिवस घरी आणा, जेवू घाला, झोपू द्या, मग बोला.

वस्तीतही एक काम करता येईल. दर वर्षी जुलैत विहारात एक रविवार ठेवावा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुला-मुलींनी नव्यांना बस-लोकलच्या वेळा, शिष्यवृत्तीचे कागद, मेस, कॉलेजातले चांगले शिक्षक यांची माहिती द्यावी. सत्काराच्या हाराइतकीच ती उपयोगी पडेल.

उजळणी

घरात सर्वांनी मिळून हे प्रश्न सोडवावेत.

१. रोज सात तास झोप मिळावी म्हणून आपल्या घरात कोणती एक गोष्ट बदलावी लागेल?

२. दप्तरात आणि खोलीत ठेवायच्या खाण्याच्या तीन वस्तू कोणत्या?

३. आपले हिमोग्लोबिन किती आहे? माहीत नसेल तर कधी तपासणार?

४. कॉलेजातली आपली तीन माणसे कोण? नावे लिहा.

५. या महिन्यात जाणवलेल्या दोन अडचणी लिहा. त्यातली हार्टली हॉलची कोणती आणि बडोद्याची कोणती? पहिलीला तीन आठवडे द्या. दुसरी आजच कुणाला तरी सांगा.

६. १४४१६ आणि १८००-१८०-५५२२ हे दोन क्रमांक आत्ताच मोबाइलमध्ये साठवा, आणि आई-वडिलांच्या मोबाइलमध्येही.